व्यसनोपचाराचे हक्क, वृद्धाश्रमांचा निधी आणि सभागृहाची देखरेख : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, तेव्हा यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चांत आणि आमदार निवासात ताटकळणाऱ्या माणसांत दोन प्रकारचे लोक हमखास असतात. ज्यांचे माणूस व्यसनमुक्ती केंद्रात आहे अशी कुटुंबे आणि थकलेल्या अनुदानाचा पाठपुरावा करणाऱ्या वृद्धाश्रमांचे कार्यकर्ते. त्यांच्याकडून दरवर्षी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्याला निवेदन द्यायचे आहे, त्याने निदान आठवा, अकरावा आणि बारावा प्रश्न वाचल्याशिवाय ते देऊ नये, अशी आमची विनंती आहे.

१. व्यसनोपचार आणि वृद्धाश्रम हे दोन विषय एकत्र का घेतले आहेत?

दोन्हीकडे माणूस दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळापत्रकानुसार राहतो आणि त्याच्या ताटात काय पडणार हे बऱ्याच अंशी कोणत्या तरी कार्यालयातून सुटणाऱ्या हप्त्यावर अवलंबून असते. दोन्हीकडे त्याचे हक्क कायद्यात लिहिलेले आहेत आणि दोन्हीकडे ते हक्क बजावण्याची ताकद त्याच्यात त्या वेळी सर्वांत कमी असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांच्या वेळी सार्वजनिक साहाय्य देण्याचा निर्देश आहे, तर अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचा आणि मादक पेयांना आळा घालण्याचा. हे निर्देश न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाहीत. म्हणूनच त्यांचा हिशेब मागण्याची मुख्य जागा सभागृह ही आहे.

महाराष्ट्रात या दोन विषयांचा संबंध आणखी जवळचा आहे. मनोरुग्णालयांतील रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याची पद्धत राज्याने ताबडतोब थांबवावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले होते. पुनर्वसनासाठी वेगळी व्यवस्था उभी नसली की बरा झालेला माणूस जेथे जागा असेल तेथे ठेवला जातो, आणि ती जागा बहुधा वृद्धाश्रमाची असते. त्या वृद्धाश्रमाला ना त्या माणसाच्या औषधांसाठी पैसा मिळतो, ना प्रशिक्षित कर्मचारी.

२. दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन असलेल्या व्यक्तीला उपचाराचा हक्क कायद्याने खरोखर आहे का?

होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या दिली आहे, तीत मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. २०१८ पासून हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार प्रत्येकाला शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळवण्याचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तींना हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवाच उपलब्ध नसतील, तर त्या व्यक्तीला त्या जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्यसेवा घेता येते आणि तिचा खर्च शासनाने सोसायचा असतो. ही शेवटची तरतूद फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे, आणि ती वापरली गेल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच येते.

हक्क आणि प्रत्यक्ष यांच्यातले अंतर किती आहे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसते. १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करतात आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता.

३. घरच्यांनी मनाविरुद्ध केंद्रात दाखल केले, तर ते कायदेशीर ठरते का?

या प्रश्नावर कुटुंबांचा आणि कायद्याचा दृष्टिकोन सर्वाधिक वेगळा असतो. घरात रोज मारहाण सोसणाऱ्या पत्नीला किंवा पेन्शन हिसकावून घेतल्या जाणाऱ्या आईला आपण उपदेश करण्याचा अधिकार नाही. त्यांना सुटका हवी असते आणि ती मागणी रास्त आहे. तरीही कायदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो त्यांनाही मार्ग देतो.

सज्ञान व्यक्ती स्वतःहून दाखल झाली असेल, तर ती मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ८६ खालील स्वतंत्र रुग्ण ठरते. तिने जायचे म्हटले की तिला सोडावे लागते. काही ठरावीक कारणांसाठी, पुढील तपासणी करता यावी म्हणून, तिला फार तर २४ तास थांबवता येते. व्यक्ती स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ८९ खाली तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचाराच्या निर्णयांत तिच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून तिला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा वैद्यकीय व्यावसायिकाने तिची स्वतंत्रपणे तपासणी केलेली असली पाहिजे. तिने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला आहे किंवा तशी धमकी दिली आहे, इतरांशी ती हिंसकपणे वागली आहे, अथवा स्वतःची काळजी घेण्यास ती इतकी असमर्थ आहे की तिच्या जिवाला धोका आहे, यांपैकी काही तरी दोघांनाही आढळले पाहिजे. अशा प्रकारे दाखल केल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, सात दिवसांत, आणि व्यक्ती महिला किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, कळवणे बंधनकारक आहे. ३० दिवसांनंतरही ठेवायचे असेल तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया आहे आणि तीत मंडळाची परवानगी लागते.

थोडक्यात, रात्री गाडी पाठवून चार माणसांनी उचलून न्यायचे आणि ‘सहा महिन्यांचा कोर्स’ पूर्ण होईपर्यंत दार उघडायचे नाही, ही पद्धत या कायद्यात कोठेही बसत नाही. घरच्यांनी पैसे भरले आहेत किंवा संमतिपत्रावर सही केली आहे, म्हणून ती कायदेशीर होत नाही. दाखल करतानाच्या कागदांत रुग्णाच्या सहीच्या जागी भावाची सही असते आणि डॉक्टरच्या सहीची जागा कोरी असते, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. कुटुंबाने निदान त्या दोन जागा तपासाव्यात.

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्यासाठी साधा कागद आणि त्यावर त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा एवढे पुरते. माणूस शुद्धीवर आणि शांत असतानाच हे करून ठेवणे फार उपयोगाचे असते.

४. केंद्राला कोणत्या गोष्टी करताच येत नाहीत?

साखळीने किंवा दोरीने बांधून ठेवता येत नाही. कलम ९५ ने साखळदंडावर कोणत्याही स्वरूपात बंदी आहे. एकांतकोठडीत डांबता येत नाही. शरीर जखडून धरणे केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्या वेळासाठी चालते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही. सक्तीने डोके भादरणे, मनाविरुद्ध गणवेश घालायला लावणे, जबरदस्तीने काम करून घेणे या सगळ्यांना कलम २० ने मनाई आहे. ‘कामातून सुधारणा’ या नावाखाली स्वयंपाक, फरशी आणि संचालकाच्या घरचे बांधकाम रुग्णांकडून करून घेतले जात असेल, तर तोही याच कलमाचा भंग आहे.

कलम २६ नुसार रुग्णाला भेटीला येणाऱ्यांना भेटण्याचा किंवा भेट नाकारण्याचा, तसेच फोनवर बोलण्याचा हक्क आहे. ‘पहिले एकवीस दिवस घरच्यांशी बोलणे नाही’ असा नियम भिंतीवर टांगलेला दिसला, तर तो कोणत्या कायद्याखाली केला आहे हे लेखी विचारावे. कलम २५ नुसार रुग्णाला आपली वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा, कलम २७ नुसार मोफत कायदेविषयक सेवेचा आणि कलम २८ नुसार सेवेतील त्रुटींविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे.

५. केंद्र नोंदणीकृत आहे की नाही हे कसे ओळखावे?

ज्या ठिकाणी मानसिक आजार असलेल्या व्यक्ती उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी मुक्कामी ठेवल्या जातात, ते ठिकाण मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि त्याला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाची नोंदणी किंवा संस्था नोंदणी अधिनियमाखालील प्रमाणपत्र हे त्याला पर्याय नाही. संचालक पुष्कळदा तेच प्रमाणपत्र पुढे करतात, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत. कायद्यानुसार पुनर्विलोकन मंडळाचा संपर्क आस्थापनेत ठळक जागी लावलेला असला पाहिजे. तो नसेल, तर बाकीच्या गोष्टींबद्दल शंका घ्यायला जागा आहे. नोंदणीविना आस्थापना चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्या वेळी २ लाखांपर्यंत आणि त्यानंतर ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

६. उपचाराला गेलो तर अमली पदार्थांचा गुन्हा अंगावर येईल का?

अमली पदार्थांसंबंधीच्या एनडीपीएस अधिनियम, १९८५ मध्ये कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. विक्रीच्या किंवा मोठ्या साठ्याच्या आरोपाला हे लागू होत नाही. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

७. प्रत्येक जिल्ह्यात शासकीय वृद्धाश्रम असलाच पाहिजे, हे खरे आहे का?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ मध्ये राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करावेत आणि सुरुवात म्हणून प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेईल असा निदान एक तरी असावा, असे म्हटले आहे. परंतु हे कलम राज्याला अधिकार देते, राज्यावर काटेकोर मुदतीचे बंधन घालत नाही. याच फटीतून वर्षे निघून गेली आहेत. हा कायदा महाराष्ट्रात २००९ मध्ये लागू झाला आणि २०१० मध्ये राज्याचे नियम आले. त्याआधी, १९९५ पासून, राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना होतीच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची संख्या आणि ज्येष्ठांसाठीच्या वैद्यकीय सोयी यांची माहिती राज्यांकडून गोळा करण्याचे आदेश केंद्राला दिले. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर ती संख्या न्यायालयाला विचारावी लागली, ही गोष्ट कायदेमंडळांनी मनाला लावून घ्यायला हवी होती. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि ते स्थायी समितीकडेही गेले, पण सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपुष्टात आले.

८. या सगळ्यासाठी पैसा नेमका कोठून येतो?

आमच्या मते सगळी गुंतागुंत येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

व्यसनाधीन व्यक्तींसाठीची एकात्मिक पुनर्वसन केंद्रे केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या अनुदानावर चालतात. हे अनुदान अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून स्वयंसेवी संस्थांना दिले जाते. रुग्णालयांतील उपचार मात्र आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. एनडीपीएस कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे आणि नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो गृह मंत्रालयाकडे. राज्यात आल्यावर हीच विभागणी पुन्हा दिसते. आस्थापनांची नोंदणी आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभाग वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, व्यसनमुक्तीचा प्रचार आणि वृद्धाश्रमांचे अनुदान सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे, आणि दारूचा महसूल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जमा होतो.

वृद्धाश्रमांच्या बाबतीत केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना ज्येष्ठांच्या निवासगृहांसाठी संस्थांना अनुदान देते. राज्याचे परिपोषण अनुदान मान्य संख्येनुसार दरडोई मिळते. राज्याच्या अर्थसंकल्पात सामाजिक सुरक्षा आणि कल्याण हे २२३५ या मुख्य लेखाशीर्षाखाली असते, तर वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य २२१० खाली.

याचा परिणाम असा होतो की, एखाद्या केंद्रात रुग्णाला बांधून ठेवले असा प्रश्न आरोग्य विभागाला विचारला, तर ते केंद्र सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालत असल्याचे उत्तर येते. सामाजिक न्याय विभागाला विचारले, तर नोंदणी आणि तपासणी आरोग्य विभागाचा विषय असल्याचे कळते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात आणि रुग्ण तेथेच राहतो. हक्क एका खात्याच्या फाइलीत आणि पैसा दुसऱ्या खात्याच्या फाइलीत असल्यामुळे दोन्ही फाइली एकाच वेळी टेबलावर आणणारा प्रश्न विचारल्याशिवाय काहीही हलत नाही. या पानावर आम्हाला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

९. अनुदान मंजूर असूनही मिळत नाही, म्हणजे नेमके काय होते?

तरतूद झाली म्हणजे पैसा आला असे नसते. अर्थसंकल्पात तरतूद होते, मग वित्त विभाग ठरावीक टक्के निधीच वितरणासाठी खुला करतो, मग विभाग शासन निर्णय काढतो, मग रक्कम जिल्ह्याच्या कार्यालयाकडे येते, संस्थेचे देयक कोषागारात जाते आणि मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला) किंवा लेखापरीक्षण अहवाल अपुरा असेल तर ते परत येते. केंद्राच्या अनुदानात जिल्हा आणि राज्य यांची शिफारस हा आणखी एक टप्पा असतो. मार्चअखेर अचानक रक्कम खात्यात पडते आणि ती काही दिवसांत खर्च दाखवावी लागते, हा अनुभव विदर्भातील छोट्या संस्थांना नवा नाही.

मधल्या महिन्यांत काय होते, ते एका वृद्धाश्रमाच्या किराणा वहीत आम्ही पाहिले. जून-जुलैच्या पानांवर तुरीची डाळ, दूध, केळी अशा नोंदी होत्या. ऑक्टोबरपासून केळी दिसेनाशी झाली, दूध निम्म्यावर आले आणि समासात दुकानदाराने उधारीची बेरीज पेन्सिलीने लिहिली होती. त्याच महिन्यात रात्रपाळीची मावशी काम सोडून गेली होती, कारण तिचा पगार तीन महिने झाला नव्हता. अंथरुणावर खिळलेल्या आजींना रात्री कूस बदलून देणारे कोणी उरले नाही, की पाठीला जखमा होतात. थकलेला हप्ता आणि त्या जखमा यांचा संबंध कोणत्याही तपासणी अहवालात लिहिलेला नसतो.

म्हणून अनुदानाचा विलंब हा केवळ संस्थाचालकांचा विषय मानू नये. अर्थात, मान्य संख्या फुगवून दाखवणाऱ्या आणि मुक्कामी नसलेल्या माणसांच्या नावावर पैसा उचलणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक संस्थांच्या फाइली अधिक वेळ अडकतात. तपासणी कडक हवी आणि हप्ता वेळेवर हवा, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

१०. संसद यावर लक्ष कशी ठेवते?

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. राज्यनिहाय केंद्रांची संख्या, मंजूर आणि वितरित रक्कम अशी माहिती बहुधा अतारांकित प्रश्नांच्या जोडपत्रांत सापडते आणि ती संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. निवेदन लिहिण्यापूर्वी ती जरूर पाहावी.

त्याहून खोल तपासणी विभागीय स्थायी समित्यांमध्ये होते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या समित्या आता २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. सामाजिक न्याय व अधिकारिता आणि आरोग्य व कुटुंबकल्याण या दोन समित्या आपल्या विषयाच्या आहेत. दरवर्षी अनुदानाच्या मागण्या त्यांच्याकडे जातात, अधिकाऱ्यांना बोलावले जाते, खर्च न झालेल्या रकमेचे कारण विचारले जाते आणि अहवाल सभागृहात ठेवला जातो. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, परंतु त्यांवर काय कारवाई केली हे सरकारला कळवावे लागते. तो कारवाईचा अहवाल मूळ अहवालापेक्षा अधिक बोलका असतो.

११. विधिमंडळात कोणती आयुधे उपयोगी पडतात?

रुग्णालये, दारू आणि असाहाय्य व्यक्तींना साहाय्य हे विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत, तर मानसिक आजार, त्यावरील उपचारांची ठिकाणे आणि सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत. त्यामुळे या विषयात विधिमंडळाचा अधिकार संसदेपेक्षा कमी नाही.

तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरमध्ये मोर्चा घेऊन येणाऱ्यांनी त्या वेळी ‘प्रश्न लावा’ म्हणणे उशिराचे ठरते. आमदारांकडे ऑक्टोबरच्या आसपास जावे. अधिवेशन सुरू असताना घडलेल्या किंवा तातडीच्या बाबीसाठी विधानसभा नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना हे सर्वांत परिणामकारक साधन आहे, कारण मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि सदस्य त्यांना नेमके खुलासे विचारू शकतात. नियम २९३ खालील चर्चेत विदर्भाचा विषय व्यापकपणे मांडता येतो, पण विशिष्ट केंद्राबाबत हाती काही लागत नाही. उत्तर असमाधानकारक असेल तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते.

नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पानंतर जादा खर्चासाठी मांडलेल्या मागण्या, असतातच. थकलेल्या अनुदानासाठी त्याच वेळी पैसा मिळवता येतो आणि विभागाने पुरवणी मागणीत तो मागितला आहे का, हे त्या पुस्तिकेतून कळते. हे आयुध आमच्याकडे फार कमी वापरले जाते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन येथे होते. ते काही दिवसांचेच असते (२०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर एवढेच होते), म्हणून तयारी आधीच झालेली असली पाहिजे.

१२. आमदाराला निवेदन कसे द्यावे, म्हणजे त्याचा प्रश्न होईल?

‘व्यसनमुक्ती केंद्रांतील गैरप्रकार थांबवावेत’ अशा निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ एवढेच उत्तर येते. ‘हे खरे आहे काय’ असे विचारले आणि तपशील थोडा जरी चुकीचा असला, तर ‘हे खरे नाही’ आणि पुढे सगळीकडे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापून येते. म्हणून खात्रीचाच तपशील द्यावा आणि आकडे मागावेत. विधिमंडळाच्या रीतीत बसेल असा एक नमुना असा होईल :

‘(१) नागपूर जिल्ह्यात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली नोंदणी झालेल्या व्यसनोपचार आस्थापना किती आहेत व त्यांपैकी किती सामाजिक न्याय विभागाच्या शिफारशीने केंद्राचे अनुदान घेतात, (२) या आस्थापनांची गेल्या तीन आर्थिक वर्षांत कोणत्या दिनांकांना तपासणी झाली व कोणत्या त्रुटी आढळल्या, (३) कलम ८९ खाली दाखल झालेल्या किती व्यक्तींची माहिती पुनर्विलोकन मंडळास विहित मुदतीत कळवण्यात आली, (४) उक्त वर्षांत प्रत्येक संस्थेस मंजूर व प्रत्यक्ष वितरित रक्कम किती व वितरणाचे दिनांक कोणते, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

येथे तिसरा आणि चौथा भाग एकाच प्रश्नात आहेत, हे महत्त्वाचे. विभाग वेगळे असल्याने सचिवालय तो प्रश्न विभागू शकते. तसे झाल्यास दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात यावेत, अशी विनंती सदस्यांनी करावी. वृद्धाश्रमांसाठीही हाच साचा वापरता येतो. मान्य संख्या, प्रत्यक्ष संख्या, अंथरुणावर खिळलेल्यांची संख्या, रात्रपाळीचे कर्मचारी आणि हप्त्यांचे दिनांक विचारावेत.

आणखी एक प्रश्न आतापासून विचारायला हवा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी शासनांना दहा वर्षे दिलेली आहेत. ती मुदत २०२८ मध्ये संपते. प्रादेशिक मनोरुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयांत किती पदे मंजूर आणि किती भरलेली आहेत, हे दरवर्षी विचारले गेले नाही, तर २०२८ हे साल असेच उलटून जाईल.

१३. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, पुढे काहीच झाले नाही. आता काय?

सभागृहातील आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतातील नेमके वाक्य शोधून, दिनांकासह, समितीच्या सदस्याकडे द्यावे. विनंती अर्ज समिती हा आणखी एक मार्ग आहे, आणि तेथे नागरिकांची कैफियत सदस्यामार्फत थेट पोहोचते. निधी वापरात गडबड असल्याचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात उल्लेख असेल, तर तो विषय लोकलेखा समितीचा होतो.

१४. माहितीच्या अधिकाराचा उपयोग होतो का?

होतो, आणि तो प्रश्नाच्या आधी करावा. दहा रुपयांच्या शुल्कात तपासणी अहवालांच्या प्रती, वितरणाचे शासन निर्णय आणि उपयोगिता प्रमाणपत्रे मागता येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. नागपुरात वृद्धाश्रमांच्या अनुदानासाठी दीक्षाभूमी परिसरातील सामाजिक न्याय भवनात अर्ज द्यावा. रुग्णांची नावे मागू नयेत. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

१५. प्रश्न उपस्थित केला, तर आमच्या माणसाचे नाव बाहेर येईल, ही भीती वाटते.

ही भीती खरी आहे. मुलीचे लग्न ठरायचे असते, नोकरी असते, वस्ती लहान असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २३ ने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्याचा हक्क दिला आहे आणि सभागृहातील प्रश्नाला कोणा रुग्णाच्या नावाची गरज नसते. आमदारांना दिलेल्या कागदांवर नाव, पत्ता आणि छायाचित्र झाकून द्यावे. पत्रकार केंद्राच्या दारात कॅमेरा घेऊन आले, तर आतील कोणाचाही चेहरा दाखवू देऊ नये, मग तो पुरावा कितीही बोलका वाटो.

१६. माणूस आज, या क्षणी अडचणीत आहे. कोठे संपर्क साधावा?

व्यसनासंबंधी मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६ वर मराठीतून बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आहे. दारू अचानक बंद केल्यावर हातपाय थरथरणे, भास होणे, असंबद्ध बोलणे किंवा झटके येणे सुरू झाले, तर खासगी केंद्राची वाट न पाहता रुग्णाला थेट मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात न्यावे, कारण अशा अवस्थेत जीव जाऊ शकतो. कोणाला कोंडून किंवा बांधून ठेवल्याचे कळले, तर ११२ वर पोलिसांना कळवावे, पुनर्विलोकन मंडळाकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. आवश्यक वाटल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागण्यासाठीही विधी सेवेमार्फत वकील मिळू शकतो.